द मॉस्किटो कोस्ट: जंगलात नेणारा बाप आणि गप्प बसलेले बाकीचे (स्पॉयलर आहेत)

ओवी_वाचते

शेवटापर्यंत सगळं लिहिणार आहे, त्यामुळे ज्यांना कादंबरी वाचायची आहे त्यांनी इथूनच मागे फिरा.

पॉल थरूची ही कादंबरी १९८१ ची. अ‍ॅली फॉक्स नावाचा माणूस, हार्वर्ड अर्धवट सोडलेला, हाताने वाट्टेल ते बनवू शकणारा, मॅसॅच्युसेट्समधल्या एका अ‍ॅस्पॅरागसच्या शेतावर दुरुस्तीची कामं करतोय. अमेरिका सडली, लोक कचरा खातात, कचराच विकत घेतात, आता युद्ध होणार आणि सगळं खाक होणार, अशी त्याची दिवसरात्र बडबड चालू असते. आणि मग एक दिवस तो बायको आणि चार पोरांना उचलतो, केळी वाहणाऱ्या जहाजात बसवतो आणि थेट होंडुरासच्या जंगलात नेतो. आपण नक्की कुठे चाललोय हे पोरांना धड सांगतही नाही. गोष्ट सांगतो तो मोठा मुलगा चार्ली, वय १३.

पहिला अर्धा भाग वाचताना मी अ‍ॅलीच्या प्रेमात होते हे सरळ सांगते. जेरोनिमो नावाची ओसाड जागा विकत घेतो काय, तिथे घरं काय, पाणी काय, आणि वर दुमजली घराएवढं बर्फाचं यंत्र, फॅट बॉय. खाली जाळ आणि आतून बर्फ. त्या उकाड्यात, जिथे कुणी बर्फ बघितलेला नाही तिथे! चार्लीला बापाचा जो अभिमान वाटतो तो आपल्यालाही वाटायला लागतो.

आणि मग तो बर्फ घेऊन डोंगरापलीकडच्या आदिवासींकडे जायचा प्रसंग. केळीच्या पानांत गुंडाळून नेतात, वाटेत सगळा वितळतो. अ‍ॅलीचा पचका होतो. पण परत जेरोनिमोत आल्यावर तो सांगतो की मोहीम एकदम यशस्वी झाली. चार्ली आणि त्याचा धाकटा भाऊ जेरी दोघं तिथेच उभे आहेत, दोघांनी डोळ्यांनी बघितलंय आणि दोघंही एक शब्द बोलत नाहीत. माझ्या मते कादंबरी इथे फिरते. पुढे तीन बंदूकवाली माणसं येतात, तो त्यांना फॅट बॉयमध्ये कोंडून गोठवून मारायला जातो, यंत्राचा स्फोट होतो, नदीत अमोनिया जातो, जेरोनिमो संपतं, हे सगळं भयंकर आहेच, पण पाया त्या बर्फाच्या थापेनेच घातलाय.

नंतरची थाप तर सगळ्यांना माहीत असते, पुस्तकाच्या प्रत्येक परीक्षणात असते. खाडीकाठी झोपडी बांधून राहतात तेव्हा तो पोरांना सांगतो की अमेरिका नष्ट झाली, परत जायला काही उरलंच नाही. पोरांचं घर, शाळा, आजूबाजूची माणसं, सगळं मेलं असं सांगून टाकतो आणि पोरं ते धरून महिनोन्‌महिने जगतात.

पण मला सगळ्यात जास्त छळलं ते आईने. ती वेडी नाहीये. अत्यंत शहाणी, प्रेमळ, कष्टाळू बाई आहे. ती वाद घालते, विनवते, रडते आणि शेवटी दर वेळी त्याच्याच मागे चालायला लागते. बापाने पोरांना फसवलं हे खरं, पण बाप हा असाच आहे हे पोरांना पहिल्या पानापासून माहीत असतं. भरवसा होता तो आईवर. त्यामुळे माझ्या लेखी या घरातला खरा दगा तिचा आहे. तुम्हाला काय वाटतं?

शेवंती

ओवीताई, सुंदर लिहिलंय पण आईवर एवढा राग नाही पटला हो. चार पोरं पदरात, हातात दमडी नाही, भाषा येत नाही, रस्ता माहीत नाही, होडी चालवतो तो नवरा. ती पोरांना घेऊन जाणार कुठे? शिवाय त्या बाईला पुस्तकभर नाव नाहीये हे लक्षात आलं का? नवरासुद्धा तिला मदर अशीच हाक मारतो. माझ्या माहेरी आणि सासरी दोन्हीकडे अशा बायका बघितल्यात, नवऱ्याच्या प्रत्येक नव्या खुळामागे घर आवरून निघायचं, भांडी परत लावायची, पोरांची दप्तरं परत भरायची, आणि लोक नंतर म्हणणार की तू का नाही बोललीस. बोलून काय झालं असतं ते पुस्तकातच दिसतं की, बोलतेच ती, कोण ऐकतंय?

नचिकेत_श्री

शेवंतीताईंना अनुमोदन, पण एक भर घालतो. दग्याचा हिशोबच करायचा तर चार्लीचाही करा. खाडीकाठी असताना मिस्टर हॅडी, तो होडीवाला, बिचारा जीव तोडून मदत करायला येतो आणि अ‍ॅली त्याला हाकलून देतो. तेव्हा हॅडी गुपचूप चार्लीला पेट्रोल आणि स्पार्क प्लग देऊन जातो. चार्ली ते लपवून ठेवतो. पुढे पूर येतो, झोपडी पाण्यावर तरंगायला लागते, सगळे वाहून समुद्रात जायची वेळ येते, तेव्हा तो ते बाहेर काढतो पण कुणी दिले ते सांगत नाही. म्हणजे बघा, बाप खोटं बोलून पोरांना अडकवतो आणि पोरगा लपवून बापाला वाचवतो. आणि वाचलेला बाप करतो काय, तर इंजिन चालू झाल्यावर समुद्राकडे, घराकडे न जाता उलटा नदीच्या वर, अजून आत जंगलात घेऊन जातो! त्या पानावर मी पुस्तक आपटलं होतं टेबलावर.

बर्फवाला_रत्नागिरी

धागा बघून राहवलं नाही. आमच्या घरी दोन पिढ्या मच्छीमार होड्यांना बर्फ पुरवायचा धंदा, त्यामुळे मी ही कादंबरी अमोनियासाठी वाचली म्हटलं तरी चालेल.

अ‍ॅलीचं यंत्र थापेबाजी नाहीये, तत्त्व अगदी बरोबर आहे. आपल्याकडच्या बर्फ कारखान्यात कॉम्प्रेसर लागतो, वीज लागते. त्याचं तसं नाही. पाण्यात विरघळलेल्या अमोनियाला खालून जाळ दिला की तो वाफ होऊन वर जातो, वर थंड होऊन त्याचं द्रव होतं, मग हायड्रोजन भरलेल्या भागात आला की तिथे त्याचं परत बाष्पीभवन होतं आणि तो आजूबाजूची सगळी उष्णता ओढून घेतो, तिथे बर्फ. मग परत पाण्यात मिसळून खाली, परत जाळ. एकही हलता भाग नाही. स्वीडनमध्ये फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये असा फ्रीज काढला, तोच पुढे इलेक्ट्रोलक्सने विकला. त्यामुळे जाळातून बर्फ हे अ‍ॅलीचं वेड नव्हे, ते शंभर टक्के होतं. वेड होतं ते त्याच्या आकारात आणि तो कुणासाठी बनवतोय त्यात.

आणि स्फोटानंतरचं वर्णन वाचून माझ्या अंगावर काटा आला कारण अमोनिया काय करतो ते मला ठाऊक आहे. कारखान्यात जॉइंटमधून जरा जरी सुटला तरी डोळ्यांची आग, श्वास कोंडतो, ओला पंचा तोंडाला लावून वाऱ्याच्या उलट्या दिशेला पळायचं हे आम्हाला लहानपणीच शिकवलेलं. पाण्यात तो झटकन विरघळतो आणि मासे मारतो. म्हणजे ज्या नदीवर ते लोक जगत होते तीच नदी त्याने मारली. बर्फ घेऊन डोंगर चढायचा भाग वाचून तर मी तोंडाने नको नको म्हणत होतो. आम्ही लादी भुशात आणि गोणपाटात गुंडाळून टेम्पोत टाकतो तरी एका दुपारीत केवढी झिजते. जो माणूस हे यंत्र बांधू शकतो त्याला ही साधी गोष्ट कळत नसेल? कळत होती. त्याला बर्फ पोचवायचा नव्हता, त्याला बघणाऱ्यांचे चेहरे हवे होते. ते मिळाले नाहीत म्हणून घरी येऊन थाप मारली. ओवी, तुमचं बरोबर आहे, कादंबरी तिथेच फिरते.

अमृता_न्यूइंग्लंड

मी हॅटफील्डपासून जवळच राहते, जिथून ही गोष्ट सुरू होते. कनेटिकट नदीकाठची सुपीक जमीन, हॅडली आणि हॅटफील्ड ही गावं अ‍ॅस्पॅरागससाठी प्रसिद्ध होती, १९७० च्या दशकात बुरशीने बरीचशी लागवड गेली. अजूनही वसंतात रस्त्याकडेला शेतकरी जुड्या मांडून बसतात. इतकं शांत, हिरवं, सुरक्षित ठिकाण आहे की इथून कुणी पोरांना उचलून पळेल असं वाटत नाही आणि थरूने मुद्दाम तेच निवडलंय असं मला वाटतं. तो स्वतः याच राज्यातला, मेडफर्डचा, पण विशीत पीस कॉर्प्स या अमेरिकन सरकारच्या स्वयंसेवक योजनेतून आफ्रिकेत मलावीला शिकवायला गेलेला. गोरा माणूस गरीब देशात जाऊन आम्ही तुमचं भलं करतो म्हणतो तेव्हा काय होतं हे त्याने जवळून बघितलेलं आहे, अ‍ॅली उगाच कल्पनेतून नाही आलेला.

आणि वेळ बघा. १९७८ च्या नोव्हेंबरमध्ये गयानाच्या जंगलात जोन्सटाऊन झालं, जिम जोन्स नावाच्या अमेरिकन पंथप्रमुखाच्या वसाहतीतलं ते सामूहिक विषप्राशन, नऊशेच्या वर माणसं गेली, त्यात कितीतरी लहान मुलं, आईबापांनी नेलेली. ही कादंबरी त्यानंतर तीन वर्षांनी आली. इथल्या वाचकांच्या डोळ्यासमोर ते असणारच. एक बोलका पुरुष, मागे चालणारी माणसं आणि जंगल.

सह्याद्रीकर

मी ट्रेकला लोकांना नेतो, त्यामुळे माझं बघणं थोडं वेगळं आहे. जंगल माणूस बिघडवतं असं या पुस्तकाबद्दल कुणी म्हणालं की मला ते खपत नाही. अ‍ॅली जंगलात बिघडला नाही. जहाजावर असतानाच तो चार्लीला दोराच्या शिडीवरून वर चढायला लावतो, तेही खवळलेल्या समुद्रात, केवळ पोरगा घाबरतो का बघायला. ग्रुपमध्ये असा माणूस असला की मी पहिल्या मुक्कामालाच ओळखतो. दुसऱ्याच्या पोराच्या भीतीवर स्वतःची हिंमत सिद्ध करणारा. शहरात असलं तरी ते चालून जातं कारण शेजारी असतात, आजी असते, शाळेतले सर असतात. जंगलात फक्त तोच उरतो. बस एवढंच जंगल करतं.

नदीतला तो प्रसंग कुणीच कसा काढला नाही? होडीचं बिघडलेलं बघायला तो पाण्याखाली जातो आणि वर येतच नाही. सगळ्यांना वाटतं गेला. आणि मग हळूहळू त्यांच्या बोलण्यात सुटल्याची भावना यायला लागते, आता खाली समुद्राकडे जाऊ म्हणतात. तेवढ्यात तो पाण्यातून वर येतो, आणि सगळ्यांना दगाबाज ठरवतो. माझ्या मते अख्ख्या पुस्तकातलं हे सर्वात क्रूर पान. स्वतःच्या मरणाची परीक्षा घेतली त्याने घरच्यांवर.

पिक्चरवेडा

पीटर वियरचा सिनेमा बघा, १९८६ चा, बेलीझमध्ये शूट केलेला. हॅरिसन फोर्ड अ‍ॅली, हेलन मिरेन आई, आणि चार्ली म्हणजे रिव्हर फिनिक्स. लोकांना फोर्ड म्हटलं की हिरो पाहिजे होता म्हणून तेव्हा चालला नाही, पण मला त्याचं ते सर्वात धाडसी काम वाटतं. पोराचा चेहरा बघत राहा सिनेमाभर, डोळ्यांतला विश्वास कसा गळत जातो ते बघा. शेवट मात्र पुस्तकात जास्त भयानक आहे. २०२१ ची मालिका आहे तिच्यात लेखकाचा पुतण्या जस्टिन थरू काम करतो, पण ती गोष्टच वेगळी आहे, सरकारपासून पळणारं कुटुंब वगैरे, पुस्तकासाठी बघायची तर नका बघू.

मुक्काम_तळकोकण

हे लिहावं की नाही असा विचार करत होते. आमच्या बाबांनी बँकेतली नोकरी सोडून आम्हाला पुण्याहून उचलून कोकणातल्या एका वाडीवर नेलं होतं. शहरातलं शिक्षण गुलाम बनवतं म्हणून शाळा बंद, मी शिकवीन म्हणाले, आणि महिनाभरात शिकवायचं थांबलं. मी सातवीत, भाऊ चौथीत. आई काही बोलली नाही. मोठं होईपर्यंत मलाही ओवीसारखाच तिचा राग होता.

पण ती काय करायची ते सांगते. बाबा झोपले की स्वयंपाकघरात चिमणी लावायची, शेणाने सारवलेल्या जमिनीवर खडूने गणितं घालायची, त्रैराशिक, अपूर्णांक, आणि सकाळी बाबा उठायच्या आत पाणी मारून सगळं पुसून टाकायची. बाहेरच्या कुणाकडून पाठ्यपुस्तकं मागवून तांदळाच्या डब्यात ठेवलेली. दोन वर्षांनी परत शाळेत गेलो तेव्हा आम्ही दोघं परीक्षेत पास झालो, आणि बाबांना वाटलं हे त्यांच्या निसर्गशिक्षणाचं यश. आईने त्यांना तसं वाटू दिलं.

कादंबरीत मुलं जंगलात स्वतःची जागा करतात ना, एकर म्हणतात तिला, तिथे शाळा शाळा खेळतात, दुकान, पैसे, देवाची प्रार्थना, जे जे बापाने बंद केलंय ते सगळं. तो भाग वाचताना मला ती चिमणी दिसत होती. आणि स्फोटानंतर अख्खं कुटुंब आसऱ्याला जातं ते त्या एकरवरच. बापाचं जेरोनिमो जळलं आणि पोरांच्या चोरीच्या खेळाने जीव वाचवला.

शेवंती

तळकोकण, बाई गं. काय लिहिलंस. तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

ओवी_वाचते

तळकोकण, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. तुमच्या आईंनी जे केलं ते फार मोठं आहे. पण म्हणूनच मी माझ्या मुद्द्यावर अजून ठाम झाले, वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या आईंची चिमणी होती. कादंबरीतल्या आईची चिमणी कुठे आहे? एकर पोरांनी स्वतः उभारलं. पेट्रोल चार्लीने लपवलं. मिशनमध्ये शिरून तिथल्या मिशनऱ्याच्या मुलीला, एमिली स्पेलगुडला, भेटून अमेरिका धडधाकट आहे हे शोधून आणलं ते चार्ली आणि जेरीने. म्हणजे या घरात गुपचूप पोरांना जगवायचं काम आईने करायचं ते तेरा वर्षांच्या पोराने केलं. शेवंतीताई, ती कुठे जाणार होती हा प्रश्न बरोबरच आहे, पण पोरगा रात्री विचारतो, खरंच सगळं संपलं का, तेव्हा त्याच्या कानात खरं सांगायला होडी लागत नाही, पैसेही लागत नाहीत.

नचिकेत_श्री

ओवी, मग शेवटाचं काय? अ‍ॅली मिशनचं विमान पेटवतो, त्याला गोळी लागते, मानेखाली शरीर गेलं, फक्त बोलतोय. त्याला होडीत घालून खाली समुद्राकडे निघतात. त्याला वाटतंय आपण नदीच्या वर चाललोय, तसं विचारतो, आणि ते त्याला हो म्हणतात. आयुष्यभर त्याने त्यांना दिशा सांगितली, शेवटी त्यांनी त्याला चुकीची सांगितली. तिथे तर आई पहिल्यांदा नवऱ्याची बाजू सोडून पोरांच्या बाजूला येते. उशिरा, पण येते.

ओवी_वाचते

येते, आणि तेव्हासुद्धा कशाने येते? खोटं बोलून. अ‍ॅलीचंच हत्यार. मला ते वाचून सुटका नाही वाटली, फार दुःख झालं, कारण त्या घरात आता खरं बोलायची सवयच कुणाला राहिलेली नाही. दया म्हणा, बदला म्हणा, चार्लीलाही ते नीट कळलेलं नाही असं वाटतं. आणि मग किनाऱ्यावर ती गिधाडं. अख्खं पुस्तक ज्या जिभेवर चाललं ती जीभच ओढून नेतात. थरूने दयामाया ठेवली नाही.

बर्फवाला_रत्नागिरी

एक राहून गेलं. जेरी. धाकटा उघड म्हणतो की मला बाप नकोय, मेला तरी चालेल. चार्ली शेवटपर्यंत दोन्हीकडे ओढला जातो, जेरी नाही. मला या घरात सर्वात प्रामाणिक तोच वाटला. त्याला शिक्षा म्हणून मागच्या छोट्या होडीत बसवून दोरीने ओढत नेतात, चार्लीलाही, आणि तिथे त्या दोघांचं जे बोलणं होतं ते दोन सख्खे भाऊ घरात अंधारात बोलतात तसंच आहे.

अमृता_न्यूइंग्लंड

माझा मुलगा १४ चा आहे, सर्व्हायव्हल व्हिडिओ बघत असतो सारखा, झोपडी कशी बांधायची, पाणी कसं गाळायचं. त्याला ही द्यावी का? पहिला भाग त्याला प्रचंड आवडेल. शेवटाची भीती वाटते.

सह्याद्रीकर

द्या ताई. पण आधी स्वतः वाचा, म्हणजे तो मध्येच येऊन काही विचारेल तेव्हा तुम्हाला उत्तर देता येईल. आणि सोबत माझ्याकडून त्याला एक सांगा, ज्याच्या मागे जंगलात जायचं त्याला निघण्याआधी तीन गोष्टी विचारायच्या, परत कधी येणार, वाटेत माघारी फिरायची जागा कुठली, आणि गावात कुणाला सांगून निघालोय. माझ्या ग्रुपमध्ये लहान मुलं असली की मी हे त्यांच्याकडून वदवून घेतो, माझ्याविरुद्ध वापरायला.

शेवंती

हे तिन्ही प्रश्न त्या आईने हॅटफील्डमध्येच विचारायला हवे होते. ओवीताई, एवढं मात्र मला मान्य आहे. बाकी भांडण चालू ठेवू, मी परत वाचायला घेतलीये.